काळ्या कोंबड्याची पिल्लं

खोक्यात बल्बखाली एकूण एकवीस पिल्लं होती. अकरा निळी, सहा काळी आणि चार पांढुरकी. निळी म्हणजे आभाळासारखी नव्हे, ओल्या पाटीच्या रंगाची. पांढुरक्यांना घरात शिंतोडी म्हणत, कारण मोठेपणी त्यांच्या पांढऱ्या पिसांवर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग पडत. धाकटीने दोनदा मोजली. बाबांनी एकदाच मोजली आणि ते अकरावर थांबले.

"बाकीची कुणाची, ते सांगायला नकोच," ते म्हणाले आणि त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं.

मागच्या अंगणाच्या भिंतीत एक दार होतं. पलीकडे आत्याचं अंगण, आत्याच्या दोन खोल्या, आत्याच्या पाच कोंबड्या आणि एक काळाकुळकुळीत कोंबडा. घराची वाटणी झाली तेव्हा दार तेवढं तसंच राहिलं होतं. आत्या त्याच दारातून दोन्ही वेळा जेवायला यायची. पुढून यायचं तर अख्ख्या गल्लीला वळसा पडायचा आणि तिचा उजवा गुडघा दहा पावलांतच बोलायला लागायचा.

बाबांना निळ्या कोंबड्यांचा नाद होता. दुकानात दिवसभर शिवणयंत्र चालवायचं आणि संध्याकाळी पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसायचं. निळा कोंबडा, निळ्या कोंबड्या, तरी सलग तिसऱ्या खेपेला जवळजवळ निम्मी पिल्लं भलत्याच रंगाची. काळं पिल्लू काळ्या बापाचं, हा त्यांचा हिशेब. एकदा काळ्याने रंग नासवला की उरलेलाही फिसकटतो, म्हणून शिंतोडी.

"ताईला शंभरदा सांगितलं, कडी लावत जा. आता कडी नको अन् दारही नको. गवंड्याशी बोललोय. त्याचं शाळेचं काम दीडेक महिन्यात उरकतंय, मग येतो म्हणाला. विटांनी बुजवून टाकू."

"मग आत्या जेवायला कुठून येणार?"

"डबा पाठवू."

हे ऐकून आत्या चार दिवस आलीच नाही. डबा गेला, तसाच परत आला.

धाकटीला त्या चार दिवसांत धड बसवेना. सकाळी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना तिचं मन पिंजऱ्यात असायचं. बाबांचा हिशेब चुकीचा होता आणि तो चुकीचा का, हे तिला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी ती सरळ दुकानात गेली आणि तिने बटणांचा डबा मेजावर उपडा केला.

"अगं, ती निवडून ठेवलीत!"

"दोनच रंग घेते. हे बघा. प्रत्येक कोंबडीकडे रंग ठरवणारी अशी दोन बटणं असतात. पिल्लाला एक बाप देतो, एक आई. दोन्ही काळी आली तर पिल्लू काळं. दोन्ही पांढरी आली तर शिंतोडी. एक काळं, एक पांढरं, की निळं. तुमच्या सगळ्या निळ्यांकडे एकेक आहे. त्यामुळे चारात एक काळं निघणार, एक शिंतोडी निघणार, दोन निळी. आत्याचा कोंबडा तिकडे घोरत पडला असला तरी."

बाबांनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या. "बटणं अंडी घालत नाहीत."

"मग करून बघू. त्या कोपऱ्यातल्या चार शिंतोड्या कोंबड्या आहेत ना, त्यांच्यात आत्याचा काळा कोंबडा सोडते. पिल्लं सगळी निळी निघतील."

"काळ्या बापाची?"

"एकूण एक."

बाबा हसले. रंगांची जुळणी चाळीस वर्षं करणाऱ्या माणसाचं हसू होतं ते. "एक जरी वेगळं निघालं, तर दार बंद. मग त्या दाराचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

आत्याने कोंबडा काखेत धरूनच दिला. "ने बाई. माझ्या कोंबड्याची चौकशी बसवलीय बाळ्याने, तुझ्या बापाने. जबानी काय घ्यायची ती घे, फक्त उपाशी ठेवू नकोस."

"आमच्या लग्नाच्या वेळीही एवढी खातरजमा झाली नव्हती," आई भाजी निवडता निवडता म्हणाली.

निळ्याला धाकटीने तिथून काढून वेगळ्या पिंजऱ्यात बंद केलं आणि काळ्याला शिंतोड्यांमध्ये सोडलं. दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवसापासून अंडी गोळा केली, प्रत्येकावर पेन्सिलने तारीख घातली. दोन आठवड्यांची अंडी जमली, ती सगळी एकदम उबवायच्या पेटीत ठेवली. पेटीचं तापमान ती प्रयोगशाळेतून आल्या आल्या पाहायची, जेवताना उठून पाहायची, आंघोळीला जाताना पाहायची. आई म्हणाली, "त्या पेटीला ताप नाही आलाय, तुला आलाय."

पेटीतले अर्धे दिवस सरले असताना आत्याने तिला दारातूनच हाक मारली. आत्याच्या हातात टोपली होती.

"पोरी, तुझी ती टॉर्च आण. माझी तांबडी खुडूक होऊन बसलीय यांच्यावर. कोंबडा तू नेल्यानंतरची अंडी आहेत, सगळी वांझच असणार. उगाच बिचारी बसून बसून वाळतेय."

धाकटीने अंधाऱ्या न्हाणीत एक अंडं टॉर्चच्या तोंडावर धरलं. कवचाच्या आत तांबड्या रेघांचं जाळं पसरलं होतं आणि मध्ये एक ठिपका हलत होता. दुसऱ्यातही. तिसरं वांझ. चौथ्यात पुन्हा जाळं.

"आत्या, ही नक्की कोंबडा नेल्यानंतरची?"

"मग काय आधीची? तू नेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची."

धाकटी तिथेच उभी राहिली. कोंबडी नराचं बीज पोटात साठवून ठेवते, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. हे तिने वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आणि तिच्या शिंतोड्या कोंबड्या काळा सोडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बाबांच्या निळ्या कोंबड्याबरोबर फिरत होत्या. निळ्याकडे एक पांढरं बटण होतं. म्हणजे तिच्या पेटीतल्या काही पिल्लांचा बाप निळा असणार आणि त्यांतली निम्मी शिंतोडी निघणार. एक जरी वेगळं निघालं तर.

"काय झालं? भूत दिसलं का अंड्यात?"

"भरलेली आहेत. बसू दे तिला."

ती घरी आली, पेटीसमोर बसली, उठली, परत बसली. पहिल्या आठवड्याची अंडी तारखांवरून सहज ओळखू येत होती. ती उचलून टाकली तर कुणाला कळणार नव्हतं. थोडी अंडी वाया जातातच, बाबाही विचारणार नव्हते. तिने झाकण उघडलं, एक अंडं उचललं. ते कोमट होतं. तिने ते उजेडात धरून पाहिलं नाही. अंडं तिने जागेवर ठेवलं आणि ती अंगणात जाऊन दारापर्यंत चालली, तिथून परत, पुन्हा दारापर्यंत.

दुकान बंद व्हायच्या वेळी तिने बाबांना सांगितलं. सगळं सांगितलं.

बाबा कापड घडी करत होते. "म्हणजे आता पळवाट."

"पळवाट नाही, चूक. माझी. कोंबड्या तीन आठवडे वेगळ्या ठेवायला हव्या होत्या. पण ऐका. शिंतोडी निघतील ती बहुतेक पहिल्या आठवड्याच्या अंड्यांतून. दुसऱ्या आठवड्यात क्वचित एखादं. आणि काळं कुठेच नाही. आई शिंतोडी असली की पिल्लाला एक पांढरं बटण मिळतंच, बाप कुणीही असो. काळं निघायला जागाच नाही."

"तू म्हणालीस सगळी निळी."

"म्हणाले."

"बोली ती बोली."

"हो," ती म्हणाली. "फक्त दोन्ही आठवड्यांची अंडी वेगळी ठेवते, म्हणजे कुठलं कशातून निघालं ते कळेल. पेटीत मध्ये जाळी शिवून लावते."

"तू शिवणार?" बाबांनी मान वर केली. "तुझ्या टाक्यांत पिल्लाचा पाय अडकेल. मच्छरदाणीचा तुकडा दे इकडे."

त्यांनी जाळीला चारी बाजूंनी दुहेरी पट्टी मारली, घरी आल्यावर पेटीची उंची टेपने दोनदा मापली. आणि मग, विचारल्यासारखं न दाखवता, विचारलं, "काळं अजिबात नाही?"

"अजिबात."

"ताईचाच कोंबडा, आणि काळं अजिबात नाही."

"नाही."

त्यांनी जाळी पेटीत नीट बसवली. दुसऱ्या दिवसापासून दुकानाला निघताना तेही पेटीच्या काचेत डोकावू लागले.

शेवटचे तीन दिवस अंडी हलवायची नव्हती, म्हणून धाकटीच्या हातांना काही काम उरलं नाही. ती नखं खात बसली. पहिल्या अंड्याला भेग पडली त्याच दिवशी विटांची गाडी आली. गवंडी म्हणाला, उद्या सकाळी येतो. रात्रभर पेटीतून चिवचिव येत राहिली. ओल्या पिल्लाचा रंग सांगता येत नाही, ओलं असताना सगळंच काळपट दिसतं. तिने दोनदा काच पुसली आणि दोनदा स्वतःला दटावलं.

सकाळी गवंड्याने अंगणात घमेलं ठेवलं. बाबा पेटीपाशी उकिडवे बसले होते.

"सुरू करू का मालक?"

"थांब. पिल्लं वाळू दे."

गवंड्याने बिडी शिलगावली. पिल्लं वाळली. बाबांनी पहिल्या कप्प्यातलं एकेक पिल्लू उचलून उजेडाला धरलं, कापडाचा पोत बघावा तसं अंगठ्याने लव उलटी करून पाहिलं आणि खोक्यात सोडलं. निळं. निळं. शिंतोडं. अजून एक शिंतोडं.

"म्हणजे हरलीस," गवंडी म्हणाला. त्यालाही आईने सगळी हकिगत सांगितली होती.

"तू गप रे," बाबा म्हणाले. "अजून दुसरा कप्पा आहे."

दुसरा कप्पा त्यांनी आणखी सावकाश पाहिला. गुडघे दुखले तरी उठले नाहीत. शेवटचं पिल्लू त्यांनी हातात घेतलं. निळंच होतं ते. त्याला त्यांनी मुठीत फिरवलं, पोटाकडून पाहिलं, पाठीकडून पाहिलं. मग ते उभे राहिले आणि मागच्या दाराशी गेले.

"ताई!"

त्यांनी दारावर थाप मारली.

"ताई, चष्मा घेऊन ये. माझी नजर चुकतेय की काय ते बघायचंय. तुझ्या कोंबड्याची आहेत, अन् काळं एकही नाही."

"डब्यात घालून पाठव," पलीकडून आवाज आला.

"पाठवतो ना. आधी मोज तर."

मग चपलांचा आवाज झाला, एक लांब, एक आखूड. बाबांनी गवंड्याकडे पाहून मान हलवली. "घमेलं उचल. विटा पिंजऱ्याच्या पायाला वापरू, तू पुढच्या आठवड्यात ये."

आत्या स्टुलावर बसली, चष्मा लावला आणि दोन्ही कप्प्यांची पिल्लं पुन्हा पहिल्यापासून मोजली. धाकटीने शेजारी उभं राहून आकडे लिहून घेतले.

पहिला आठवडा: बारा पिल्लं. आठ निळी, चार शिंतोडी, काळी शून्य.

दुसरा आठवडा: चौदा पिल्लं. तेरा निळी, एक शिंतोडं, काळी शून्य.