फुल्या नसलेलं पान

लंबूने बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मग फोन लावला, तेव्हाच डावरीच्या मनात पाल चुकचुकली.

फोनवर बोलायला नळ सोडावा लागतो, याचा अर्थ ज्याने ऐकू नये ते माणूस खोलीतच आहे. आणि खोलीत डावरीशिवाय होतं कोण? दोन पलंग, एक डाग पडलेला आरसा, खिडकीखाली खुडखुडणारे गरम पाण्याचे पाइप आणि विमानभर मांडीवर सांभाळून आणलेलं चित्रांचं फोल्डर. डावरीने दाराला कान लावला. हे वाईट दिसतं हे तिलाही कळत होतं, पण बघायला कोणी नव्हतं.

"सर, प्लीज, तुम्ही तिला काही बोलू नका," लंबू कॉलेजच्या सरांना म्हणत होती. "ऐन वेळीच कळू दे. आधी कळलं तर सगळंच फिसकटेल."

'तिला' म्हणजे कोणाला, हे ओळखायला काही फार अक्कल लागत नव्हती.

दोघी एकाच कला महाविद्यालयातल्या, शेवटच्या वर्षाच्या. लंबू नावाप्रमाणे उंच आणि जाईल तिथे गप्पांचा फड जमवणारी. डावरी डावखुरी म्हणून डावरी, आणि बोलायचं म्हटलं की तिला मुहूर्त लागायचा. कॉलेजच्या प्रदर्शनात आपल्या चित्रांबद्दल चार वाक्यं बोलायची होती, तर ही बया रंगांच्या कोठीत आतून कडी लावून बसली आणि पाहुणे गेल्यावरच बाहेर आली. लंबूने तेव्हा दोघींच्या वाटचं बोलून वेळ मारून नेली होती.

दोघी मिळून कॉमिक करायच्या. लंबू गोष्ट रचायची, पेन्सिलने चित्रं काढायची. मग पान डावरीकडे यायचं. ती ब्रशने आणि टाकाने त्यावर शाई चढवायची, आणि शाई वाळली की खालची पेन्सिल रबराने पुसून टाकायची. जिथे गच्च काळं भरायचं, तिथे लंबू पेन्सिलने एक बारीकशी फुली मारून ठेवायची. ही या कामातली जुनीच रीत. डावरीला त्या फुल्या आवडायच्या. गर्दीत कोणीतरी आपल्यासाठी रुमाल टाकून जागा धरलीय, असं वाटायचं.

यंदा त्यांचं कॉमिक परदेशातल्या मोठ्या कॉमिक्स महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात निवडलं गेलं होतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट. आमंत्रण आलं ते मात्र लंबूच्या नावाने, 'आणि सहकारी' असं शेपूट लावून. त्या शेपटात डावरी. ती हसली होती तेव्हा, पण ते शेपूट तिच्या घशात अडकून बसलं ते बसलंच.

त्यात आईने तेल ओतलं. आईचं शिवणकामाचं दुकान होतं भागीदारीत. भागीदारीण एक दिवस सगळी गिऱ्हाइकं घेऊन पलीकडच्या गल्लीत गेली, आणि तेव्हापासून आई लेकीच्या प्रत्येक मैत्रिणीकडे माप घेतल्यासारखं बघायची. पोचल्याचा फोन केला तर म्हणते कशी, "तुझी लंबू आहे ना सोबत? आहे ना? मग जरा डोळे उघडे ठेव गं बाई. कष्ट तुझे आणि हार तिच्या गळ्यात, असं नको व्हायला."

"आई, काहीतरीच काय!"

"माझं काय जातंय. मी आपलं सांगून ठेवलं."

संशयाचं एक बरं असतं, त्याला काहीही खायला घातलं तरी चालतं. महोत्सवाच्या पहिल्याच दिवशी डावरीला भरपूर खुराक मिळाला. लंबू सारखी एका बारीक कापलेल्या केसांच्या आयोजक बाईशी कोपऱ्यात बोलत होती, आणि डावरी जवळ गेली की दोघी हवापाण्यावर यायच्या. कार्यक्रमपत्रिका डावरीने मागितली तर लंबू म्हणाली, "अगं, संपल्या," आणि तिच्याच पिशवीतून पत्रिकेचा कोपरा डोकावत होता. नंतर चहा घेता घेता उगाच विचारल्यासारखं तिने विचारलं, "तू बारीक कामाला कुठल्या नंबरचा ब्रश घेतेस गं? आणि शाई? तीच ना, जाड बाटलीतली?"

डावरीने सांगितलं. पेन्सिलवालीला ब्रशचा नंबर कशाला हवा? स्वतः शाई करायची असेल तरच ना!

आणि शाई करायला एक पान शिल्लक होतं. शेवटचं. लंबूने ते अजून डावरीच्या हाती दिलंच नव्हतं. "ते तिकडे गेल्यावर बघू," असं म्हणत तिने ते फोल्डरच्या मागच्या कप्प्यात सरकवून ठेवलं होतं. आता घोडं कुठे पेंड खातंय ते डावरीला दिसलं. शेवटचं पान लंबू एकटी पुरं करणार. गोष्ट तिची, चित्र तिचं, शाईही तिची. मग सहकारी हवाच कशाला? कॉलेज संपत आलेलं. या एका कॉमिकवर पुढची दारं उघडायची होती, आणि लंबू दोघींसाठीचं दार एकटीनेच ओलांडून आतून कडी घालणार होती. डावरीला रडू आलं आणि रडूपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी लंबू सकाळीच निघाली. बूट चढवता चढवता म्हणाली, "तू फोल्डर घेऊन दुपारी ये, मोठ्या हॉलमध्ये. चांगला शर्ट घाल. आणि ऐक, शेवटच्या पानाला हात लावू नकोस हं."

"का?"

"अगं, नको म्हटलं ना!" आणि ती हसली. ते हसणं डावरीला अजिबात आवडलं नाही.

जिन्यावरचा बुटांचा आवाज थांबताच तिने मागचा कप्पा उघडला.

पानावर जवळजवळ काहीच नव्हतं. म्हातारी दुकानातली सगळी घड्याळं बंद करून अंधारात बसते, हा प्रसंग. काउंटरची एक रेघ, खुर्चीचा अंदाज, डोक्याच्या जागी नुसता लांबट गोल. नाक नाही, डोळे नाहीत. पेन्सिल इतकी हलकी, की कागद तिरका धरावा तेव्हा दिसावी. आणि अख्ख्या पानभर, अंधाराचं पान असूनही, एकही फुली नाही.

डावरी पलंगावर बसली. फुली नाही म्हणजे हे पान माझ्यासाठी नाहीच, तिला वाटलं. स्वतःसाठी काढलेल्या चित्रात कोण कशाला खुणा करून ठेवेल?

मग तिने खिडकीपाशी टेबल ओढलं आणि शाईची बाटली उघडली.

तिने सगळं जपून केलं. लंबू काढते तसं नाक, लंबू काढते तसे डोळे, म्हणजे पान तिच्या हातून निसटलं तरी तिला नावं ठेवता येऊ नयेत. अंधार भरला तोही बेताने, कडेकडेने. चित्र नीटनेटकं झालं आणि मेलेलं झालं. हे तिला दिसत होतं, पण राग डोळ्यांपुढे उभा असला की दिसलेलंही दिसत नाही. कोपऱ्यात तिने दोघींच्या सह्या घातल्या, आयुष्यात पहिल्यांदा आपली आधी. शाई वाळल्यावर रबर घेऊन खालची पेन्सिल पार पुसून काढली. चादरीवर पडलेला रबराचा भुगासुद्धा झटकला.

दुपारी ती चांगला शर्ट न घालताच गेली.

मोठा हॉल माणसांनी भरला होता. व्यासपीठावर एक टेबल, वर कॅमेरा, मागे मोठा पडदा. टेबलावर तिच्या नंबरचे ब्रश, जाड बाटलीतली शाई. आता लंबू सगळ्यांसमोर बसून रंगवणार, डावरीच्या मनात आलं. करून दाखव म्हणावं आता!

मग तिला दिवा दिसला.

दिवा टेबलाच्या उजव्या अंगाला होता. शाईची बाटली डाव्या. उजव्या हाताने काम करणारी माणसं दिवा डावीकडे ठेवतात, नाहीतर हाताचीच सावली कागदावर पडते. लंबूचा दिवा कायम डावीकडे असायचा. साऱ्या वर्गात उजवीकडे दिवा लागायचा तो एकीलाच.

डावरीने काखेतलं फोल्डर घट्ट दाबून धरलं.

आयोजक बाई माइकवर सांगत होती, की कॉमिकमधला अंधार कोण करतं हे कधी कोणी विचारत नाही, आज तो हात कोऱ्या पानावर अंधार करताना आपण बघणार आहोत. लोक टाळ्या वाजवायला लागले. लंबू पुढे आली आणि तिने डावरीचा दंड धरला.

"आधी सांगितलं असतं तर तू विमानात तरी चढली असतीस का?" ती कानाशी म्हणाली. "बोलायचं काही नाहीये. मी बोलते. तू फक्त कर, तुला पाहिजे तसं. मी कुठेच फुली मारली नाहीये, बघ."

तिने डावरीच्या काखेतलं फोल्डर घेतलं, पान काढून दिव्याखाली ठेवलं. पडद्यावर ते प्रचंड मोठं दिसलं. नाक, डोळे, कडेकडेचा अंधार, सह्या.

लंबू बघत राहिली.

"कधी?"

"सकाळी," डावरी म्हणाली. "मला वाटलं, तू मला..."

"कळलं." लंबूने पानावरून बोट फिरवलं. "रबरही मारलंस?"

डावरीने मान हलवली.

लोक खुर्च्यांत चुळबुळ करत होते. लंबू माइककडे वळली, हसून काहीतरी म्हणाली, लोकही हसले. वेळ मारून न्यायला ती कधीच चुकायची नाही. मग तिने पिशवीतून कोरा कागद काढला आणि उभ्यानेच म्हातारी पुन्हा काढली. पेन्सिल दाबून, खोल. नाक, डोळे, प्रत्येक सुरकुती, काउंटरवरचा एकूण एक स्क्रू. कागदावर कुठे म्हणून श्वास घ्यायला जागा राहिली नाही. शेवटी तिने फुल्या मारल्या. भिंतीवर, खुर्चीखाली, म्हातारीच्या मांडीवर, जिथे जिथे काळं हवं तिथे तिथे, मोठ्या आणि ठळक. कागद डावरीपुढे सरकवला आणि तिच्याकडे न बघता बाजूला जाऊन उभी राहिली.

डावरी बसली. दिवा अगदी बरोबर लावला होता, हाताची सावली कुठेच पडत नव्हती. तिने ब्रश शाईत बुडवला आणि उजवीकडून सुरुवात केली. लोक श्वास रोखून पडद्याकडे बघत होते.

एकही फुली तिने चुकवली नाही.