लिंडबीच्या तळघरातली निळी किटली

मी एक जुनी कॉफीची किटली आहे आणि मला स्वतःची मते नाहीत. हे आधीच सांगून टाकते. माझ्या भोवती बसून लोकांनी जन्मभर मते मांडली, टेबलावर मुठी आपटल्या, पण कुणी कुणाचे मत बदललेले मी पाहिले नाही. कॉफी मात्र सगळ्यांनी प्यायली.

मित्रांनो, माझा जन्म अमेरिकेतल्या मिलवॉकीजवळच्या एका कारखान्यात झाला. लोखंडाच्या पत्र्याला ठोकून त्यांनी मला पोट दिले, चोच दिली, वर उचलायला कडी आणि मागे धरायला एक कान दिला. मग काचेच्या निळ्या लेपात बुचकळून भट्टीत घातले. फार भाजले, पण बाहेर आले ती अशी चकचकीत, अंगावर पांढरे ठिपके घेऊन. माझे पोट जरा मोठेच आहे. निम्मे गाव एका वेळी कॉफी पिईल एवढे.

तिथून मी मिनेसोटातल्या लिंडबी गावी आले. इथल्या लुथरन चर्चच्या महिला मंडळाने मला तळघरातल्या स्वयंपाकघरासाठी घेतले. तळघराला वर छताशी एक बुटकी खिडकी आहे. तिच्यातून बाहेरची जमीन दिसते, म्हणजे गाड्यांची चाके आणि माणसांचे पाय. गावातल्या बहुतेकांना मी बुटांवरून ओळखते.

माझे काम अंड्याच्या कॉफीचे. नाक मुरडू नका. इथले पणजोबा जहाजातून नॉर्वेहून आले तेव्हा ही रीत घेऊन आले. कॉफीच्या भरड पुडीत अंडे फोडायचे, कवचासकट, आणि चिखलासारखे कालवायचे. ते उकळत्या पाण्यात सोडायचे. जरा वेळाने वरून भांडेभर गार पाणी ओतले की सगळा गाळ तळाशी बसतो आणि वर राहते ती मधासारखी नितळ कॉफी. बाहेरगावचे पाहुणे आधी तोंड वाकडे करतात, मग दुसरा कप मागतात.

बारशाला मी होते, लग्नाला होते, मातीला होते. वसंतात मंडळातली हिशेब जाणणारी माणसे म्हाताऱ्याकोताऱ्यांचे प्राप्तिकराचे कागद भरून द्यायला तळघरात बसत, तेव्हाही मीच. नोव्हेंबरात याच तळघरात मतदान होई. त्या दिवशी तर मला चुलीवरून उतरायला फुरसत नसे.

अर्डिस आणि व्हर्ना या दोघी मला सांभाळत. अर्डिस अंडी कालवी, व्हर्ना पाणी आणि आच बघे. भरल्यावर मी कुणा एकटीच्याने उचलली जात नाही. एकीने कडी धरायची, दुसरीने कान. अशी त्यांची तारुण्यापासूनची जोडी होती आणि दोघींचे राजकारण मात्र विळ्या-भोपळ्याचे. इथे एका पक्षाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव. व्हर्ना हत्तीवाली, अर्डिस गाढववाली. आणि ही गोष्ट त्या एकमेकींना विसरू देत नसत.

"काय गं, तुझं गाढव यंदा कुठल्या उकिरड्यावर?" व्हर्ना विचारी.

"उकिरडा तुझ्या हत्तीनंच केलाय ना, तिथेच चरतंय बिचारं," अर्डिस म्हणे.

"तुझं मत माझ्या मताला खोडतं. मग दोघी घरीच बसूया की."

"म्हणजे मी घरी बसणार आणि तू गपचूप जाऊन मत देणार! ओळखून आहे तुला."

मग दोघी हसत आणि मला चुलीवरून उतरवत. मला वाटे, हे असेच चालायचे.

पुढे दूरच्या एका वाळवंटात युद्ध सुरू झाले. त्या गावांची नावे दोघींनाही धड उच्चारता येत नव्हती, पण मते दोघींची पक्की होती. त्या हिवाळ्यात व्हर्नाचा नातू ट्रॅव्हिस फौजेबरोबर तिकडे गेला. आईबापांमागे व्हर्नानेच त्याला वाढवलेला. त्याच्या निरोपाची कॉफी माझ्यातच झाली आणि केक अर्डिसने आणला होता. हे मुद्दाम सांगते, कारण तो तिकडे गेल्याचे तिला ठाऊक नव्हते असे पुढे कुणी म्हणू नये.

एप्रिलातला कराचा दिवस होता. व्हर्ना आपले कागद भरून घेऊन स्वयंपाकघरात आली ती धुसफुसतच.

"सरकारला माझी आठवण फक्त वसुलीच्या वेळी येते."

"मग रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं? तुझा हत्ती सोंडेनं?" अर्डिस पुडीत अंडे फोडत म्हणाली.

"बर्फाला मी नाही म्हटलंय का? बाकीचं कुठं जातं ते विचारतेय."

"कुठं म्हणजे? त्या वाळवंटात! दारूगोळ्यात! शाळेला द्यायचं म्हटलं की तुमची बोंब, आणि तिकडे उडवायला सगळं मोकळं."

"देशाचं रक्षण फुकटात होत नाही, अर्डिस."

"कसलं रक्षण? नकाशात दाखव बघू तो देश! आणि जाणारी पोरं तरी काय, मूर्ख आहेत झालं. बँड वाजला की निघाली."

जिभेला हाड नसते म्हणतात ते खरे. बोलून गेल्यावर अर्डिसचा हात अंड्यात तसाच राहिला.

लिंडबीत कुणी आरडाओरडा करत नाही. व्हर्नाने हातातले गार पाण्याचे भांडे ओट्यावर ठेवले, ॲप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाली, "बरं. निघते मी."

मित्रांनो, या गावात "बरं" याहून मोठी शिवी नाही.

ती गेली आणि इकडे मी उतू गेले. अर्डिसने घाईघाईने मला एकटीनेच उचलले, तोल गेला आणि माझे बूड नळाखालच्या मोरीच्या कडेवर आपटले. निळा टवका उडाला. आतले काळे लोखंड उघडे पडले. तिने तिकडे पाहिलेसुद्धा नाही.

व्हर्ना तळघरात यायची थांबली. उन्हाळ्यात बातमी आली की ट्रॅव्हिस जखमी झाला, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या दिवशी अर्डिसने बटाटे आणि खिम्याचा मोठा थाळा भाजला आणि व्हर्नाच्या दाराशी नेऊन ठेवला. इथे दुःखाच्या घरी असाच थाळा जातो. चार दिवसांनी तो धुऊन पुसून चर्चच्या ओट्यावर परत आला. कुणी आणून ठेवला कळले नाही. सोबत ना चिठ्ठी, ना निरोप. अर्डिस तो थाळा हातात धरून बराच वेळ उभी होती.

आता अंड्याची कॉफी एकटीने कोण करणार? मंडळाने बटण दाबले की चालणारे यंत्र आणले. मला सर्वांत वरच्या फळीवर टाकले आणि माझ्या पोटात विजेच्या जुन्या तारा भरल्या. बूड ओलेच राहिले होते, त्या टवक्यातून गंज चढू लागला. मला वाईट वाटले. खोटे कशाला सांगू? पण फळी खिडकीच्या उंचीची होती आणि आता बाहेरचे जरा बरे दिसे.

नोव्हेंबर आला. मतदानाच्या टेबलाशी दोन्ही पक्षांचे पंच बसावेच लागतात, आणि लिंडबीत हत्तीच्या बाजूला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसेल अशी व्हर्नाच. ती आली. आपल्यामुळे खुर्ची रिकामी राहिली असे कुणी म्हणायला नको, म्हणून आली असावी. शेजारी अर्डिस. मुख्य पंच हार्लन, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, त्याने सकाळीच सगळ्यांना बजावले, "या इमारतीच्या शंभर फुटांच्या आत राजकारणाचा एक शब्द नको. पुढारी नको, कर नको, युद्ध नको." एरवी या नियमाने दोघींची घुसमट व्हायची. या वेळी त्याची गरजच पडली नाही.

"थंडी वाढली," तासाभराने अर्डिस म्हणाली.

"वाढली."

दुपारी खिडकीबाहेर एक पिकअप गाडी येऊन थांबली. चाकांवर चिखल होता. कुणी उतरले नाही. हार्लन बाहेर जाऊन आला आणि टेबलाशी उभा राहिला.

"गाडीत मतदार आहे. त्याला जिना उतरवत नाही. नियम तुम्हाला माहीत आहे, मतपत्रिका घेऊन दोन्ही पक्षांचा एकेक पंच जायचा." मग जरा खाकरून म्हणाला, "ट्रॅव्हिस आहे."

व्हर्ना आधीच उठली होती. अर्डिस खुर्चीला चिकटून राहिली. "हार्लन, मी कशी जाऊ?"

"पायांनी," हार्लन म्हणाला. "तुमच्या बाजूचे बाकीचे जेवायला गेलेत."

यंत्राच्या वाफेमुळे खिडकी किलकिली ठेवलेली होती. व्हर्नाचे काळे गमबूट दिसले, त्यांच्यामागे हातभर अंतर ठेवून अर्डिसचे तपकिरी बूट. गाडीचे दार उघडले. मतदार मतपत्रिकेवर खूण करत असताना पंचांनी पाठ फिरवायची असते, म्हणून ते चारही बूट वळले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बाहेर वारा सुटला होता. त्यातून अर्डिसचा आवाज आला.

"ट्रॅव्हिस, मला काही बोलायचंय."

"मावशी, मत देणाऱ्याशी बोलायचं नसतं ना?"

"उमेदवारांबद्दल बोलायचं नसतं. मी मूर्खपणाबद्दल बोलतेय. माझ्या."

व्हर्नाचे गमबूट जागचे हलले नाहीत.

"एप्रिलात मी म्हणाले होते की तिकडे जाणारी पोरं मूर्ख आहेत. तुझ्या आजीच्या तोंडावर. बाकी माझं जे मत आहे ते आहे, ते मी बदलणार नाही. पण तुला तसं म्हणायला नको होतं. त्याची मला लाज वाटते."

आत पेन थांबले. "मला हे माहीतच नव्हतं," ट्रॅव्हिस म्हणाला.

"म्हणजे?"

"मी विचारायचो, अर्डिसमावशी का येत नाहीत? आजी म्हणायची, तिला हल्ली फार काम असतं."

तपकिरी बूट एकदम व्हर्नाकडे वळले. "तू सांगितलं नाहीस त्याला?"

"कशाला सांगू?" व्हर्ना म्हणाली. "त्याच्यापुढे आधीच कमी होतं का? आणि त्याला तू आवडतेस. तेवढं तरी राहू दे म्हटलं."

अर्डिस रडली. ती रडते हे मला बुटांवरून कळले नाही, नाकावरून कळले. फार मोठ्याने शिंकरते ती.

"म्हणजे मी मूर्ख आहे हे मला आज कळतंय," ट्रॅव्हिस आतून म्हणाला. "तिकडे आम्ही एकमेकांना रोज हेच म्हणायचो, मावशी. मूर्ख म्हणायचा पहिला मान काही तुमच्याकडे नाही जात."

आधी व्हर्ना हसली. माझे लोखंडी काळीज, पण तेही हलले. एप्रिलपासून ते हसू मी ऐकले नव्हते.

मतपत्रिकेचा लिफाफा दोघींनी मिळून खाली आणला आणि हार्लनपुढे पेटीत टाकला. जेवून आलेल्यांनी टेबल सांभाळले. अर्डिस तडक स्वयंपाकघरात आली आणि स्टुलावर चढली. तिचा हात माझ्या कडीला लागला.

"त्याला थांबायला सांग," ती म्हणाली. "यंत्राचं ते पाणी नाही देणार मी त्याला."

"सांगितलंय," व्हर्ना म्हणाली. ती बाह्या सारत होती. तारा बाहेर काढल्यावर तिने मला उलटे केले आणि गंज पाहिला. "हे काय करून ठेवलंस गं हिचं?"

"मी एकटीनं उचलली होती."

व्हर्नाने राख आणि चिंधी घेऊन माझे बूड घासघासून काढले, चुलीवर कोरडे केले. अर्डिसने अंडे फोडले. जुना वास तळघरभर पसरला आणि मतदानाच्या रांगेतली माणसे माना उंचावून पाहू लागली.

मग ते घडले जे माझ्या जन्मात घडले नव्हते. एकीने कडी धरली, दुसरीने कान, आणि मला घेऊन त्या जिना चढू लागल्या. मी त्या तळघरातून कधी वर गेले नव्हते. ज्याला प्यायची तो खाली येई. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांनाही तहान असते, हे माझ्या इतक्या वर्षांत ना मला सुचले, ना गावाला. चारदा टेकत, धापा टाकत त्या मला गाडीपाशी घेऊन आल्या. मी पहिल्यांदाच खिडकीबाहेरच्या माणसांचे चेहरे बुटांसकट पाहिले.

ट्रॅव्हिसने कप दोन्ही हातांत धरला, प्यायला, आणि रिकामा करून पुन्हा पुढे केला.

"बघ," अर्डिस म्हणाली. "गाडीपाशी मतपत्रिका आली ती करातूनच, आणि तुझी आजी..."

"शंभर फूट!" जिन्यावरून हार्लन ओरडला. "कर नको म्हटलं होतं!"

व्हर्नाने गाडीचे दुसरे दार उघडले, अर्डिसला आत ढकलले, स्वतः चढली आणि मला कोटात गुंडाळून मांडीवर घेतले.

मित्रांनो, आता मला रोज धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवतात. टवका गेलेला नाही, जाणारही नाही. तुमच्याही घरी एखादे टवका उडालेले भांडे असेल. ते फळीवर ओले टाकू नका, वापरात ठेवा, आणि भरल्यावर एकट्याने उचलू नका. मला मते नाहीत म्हणाले होते, पण एवढे एक आहे. बाकीची त्या दोघींकडे आहेत. त्या दिवशी मी व्हर्नाच्या मांडीवर होते, पोटात कॉफी हिंदकळत होती, आणि ती नातवाला म्हणाली,

"ट्रॅव्हिस, गाडी शंभर फूट पुढं घे. मला अर्डिसशी भांडायचंय."