एका ओळीची मागणी

आमचे सर, म्हणजे अॅडव्होकेट उद्धव धारासूरकर, याचिका शेवटाकडून लिहायचे. आधी मागणी, मग हकिकत. आणि मागणी एका ओळीत मावलीच पाहिजे. "माधवी, जी मागणी मथळ्यात बसत नाही, ती कोर्टाच्या डोक्यातही बसत नाही," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. परभणीत त्यांच्या ऑफिसात मी ज्युनिअर म्हणून लागले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा ते वाक्य मला इतकं आवडलं की मी वहीत उतरवून घेतलं. आज त्या वहीची लाज वाटते.

सर ढोंगी नाहीत, हे आधीच सांगून टाकते. रस्त्यातले खड्डे, दवाखान्यातलं बंद पडलेलं मशीन, जे दिसेल त्यावर हा माणूस पदरमोड करून खंडपीठात जातो. फक्त पेपरात नाव आलं की त्यांचा चेहरा खुलतो आणि नाही आलं की दिवसभर माझ्यावर खेकसतात. आमच्याकडे अशिलाच्या फाइलीपेक्षा कात्रणांची फाइल जाड असते.

टाकळखडीच्या कुसुमबाई अशाच एका बातमीवरून पत्ता शोधत आल्या. चारठाण्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीतलं गाव. सातवीपर्यंतची शाळा, चार खोल्या, त्यातल्या तीन पडायला टेकलेल्या. पावसाळ्याच्या तोंडावर स्लॅबचा तुकडा पडून एका पोराचं डोकं फुटलं होतं. कुसुमबाईंची मुलगी सुकेशनी सहावीत होती. त्या स्वतः मजुरीला जायच्या. भावंडं सांभाळायला म्हणून त्यांना चौथीतच शाळेतून काढलं होतं. सुकेशनीनं दहावी व्हावं, मग नर्स व्हावं, एवढं एकच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांनी खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं.

मी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. गोष्टी दोन होत्या. पडक्या खोल्यांत लेकरं बसवू नका, ही एक. आणि नव्या खोल्या होईपर्यंत शाळा गावातच, वस्तीतल्या बुद्धविहारात भरवा, ही दुसरी. दिवसा विहार रिकामाच असतो, बायका झाडून सारवून देतील, असं सगळ्यांशी बोलून त्या आल्या होत्या.

दुसरी गोष्ट मी मसुद्यात घातली. सरांनी खोडली. विहाराचं नाव काढलं की गावात दोन तट पडतील, समोरचा वकील त्यातच तारखा काढेल आणि मथळा हातचा जाईल, असं त्यांचं म्हणणं. आधी धोका काढू, बाकीचं ओघानं येईल, म्हणाले. मला पटलं नव्हतं. पण सरांपुढं तोंड उघडायची मला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही तो मथळा हवा होता.

याचिका सुकेशनीच्या नावानं होती, पालक म्हणून सही कुसुमबाईंची. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत होतं. मजकूर मराठीतून वाचून समजावून सांगितला, अशी एक ओळ त्याच्या शेवटी असते. तिच्याखाली माझी सही आहे. जे होतं ते मी कुसुमबाईंना समजावून सांगितलं. जे खोडलं होतं ते सांगितलं नाही. त्यांनी जपून, एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं.

मग फोटो. ज्या खोलीत बसणं धोक्याचं म्हणून आम्ही कोर्टात निघालो होतो, त्याच खोलीत सुकेशनीला मांडीवर पुस्तक देऊन दहा मिनिटं बसवलं. मी दारात उभी राहून सारखी वर बघत होते. फोटो पहिल्या पानावर आला, टीव्हीवर फिरला, आणि पाच आठवड्यांत आदेश झाला: धोकादायक खोल्यांत एकाही विद्यार्थ्याला बसवू नये, चार आठवड्यांत अहवाल सादर करावा. सरांचा सत्कार झाला. बार रूममध्ये पेढे मीच वाटले.

अहवाल एका पानाचा आला. धोकादायक खोल्यांना टाळं लावलं आहे, शाळा बंद करून एकतीस विद्यार्थ्यांचं चारठाण्यात समायोजन केलं आहे, आता तिथं एकही विद्यार्थी बसत नाही. सर तावातावानं उठले. न्यायमूर्तींनी शांतपणे विचारलं, तुमची मागणी तर पूर्ण झाली ना? झाली होती. अक्षरशः झाली होती. याचिका निकाली निघाली.

टाकळखडीहून चारठाणा सहा किलोमीटर. मधे ओढा, एसटी नाही. पोरं कुणाच्या ना कुणाच्या मोटारसायकलवर जायला लागली, पोरी घरी बसल्या. गावानं खापर कुसुमबाईंवर फोडलं. लय शहाणी झाली होती, म्हणून बायका त्यांना कामाच्या टोळीत घेईनात. हे सगळं त्या फोनवर सांगायच्या आणि "मी सरांना सांगते," एवढंच मी म्हणायचे.

दिवाळीनंतर सरांनी नवी याचिका केली. बंद शाळा पुन्हा सुरू करा, एक ओळ. मुखपृष्ठावर पुन्हा सुकेशनीचं नाव. सही घ्यायला आम्ही दोघं टाकळखडीला गेलो. शाळेच्या पटांगणात कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं.

कुसुमबाईंनी चटई टाकली, पाणी दिलं. सरांनी सुकेशनी कुठं आहे म्हणून विचारलं.

"मावशीसंगं ऊसतोडीला गेली, साहेब. पंधरा दिस झाले. मावशीची लेकरं सांभाळायलीय तिकडं."

सरांचा आवाज चढला, आणि तो आवाज मला पाठ आहे. हाच तर मुद्दा आहे, म्हणाले, शाळा बंद झाली आणि पोरगी फडावर गेली, हे कोर्टाला दिसलं पाहिजे. त्यांनी कागद पुढं केला. कुसुमबाईंनी तो घेतला नाही. त्या माझ्याकडं वळल्या.

"ताई, वाचून दाखवा. समदं वाचा. म्या सांगितलेलं काय ऱ्हायलं असंल तर ते बी सांगा."

त्यांना कळलेलं होतं. केव्हा, कुणाकडून, विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी सगळं वाचलं. सर खिडकीबाहेर बघत बसले.

"ह्याला किती दिस लागतील?" कुसुमबाईंनी विचारलं.

दोन वर्षं, एखादं जास्त, असं सर म्हणाले. त्यांनी ते ऐकून बोटांवर मोजलं.

"तवर ती चौदा-पंधराची व्हईल. फडावरून आलेली पोरगी परत सहावीत बसत न्हाई, साहेब. म्या बी बसले न्हाई." त्या रडत नव्हत्या, त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "तुमी करा. दुसऱ्याच्या लेकरांसाठी करा. पण माझ्या लेकीचं नाव काढा त्यातून."

सरांनी खूप समजावलं. तिच्या नावाशिवाय या प्रकरणात जीव नाही, तो फोटो लोकांच्या लक्षात आहे, म्हणाले. त्या ऐकून घेत होत्या आणि नाही म्हणून मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी चहा ठेवला. तो आम्ही प्यायलो.

मला त्यांच्या पायाशी बसून माफी मागायची होती. मी चप्पल घातली आणि गाडीत जाऊन बसले.

चारठाणा मागं पडलं. सरांनी फाइल मागच्या सीटवर टाकली. सेलूच्या बाजूला एक वस्ती आहे, वालूरच्या पुढं, म्हणाले. तिथलीही शाळा बंद झाली आहे. तिथं एखादी हुशार मुलगी असेल, सातवी-आठवीतली, बोलकी असली तर बरं. सोमवारी जाऊन येशील का?

हो सर, म्हणाले मी, आणि डायरीत सोमवार लिहून घेतला.