पाच खाचांची नळी

संग्रहालयाच्या शस्त्रदालनातल्या कपाटात जुन्या लष्करी रिव्हॉल्वरशेजारची जागा रिकामी होती. खाली बाबांच्या हातची चिठ्ठी : ‘काडतूस मिळालेले नाही.’ बाबा गेले, दालनाचं काम मुलीकडे आलं, आणि ती रिकामी जागाही वारशाने तिच्याकडेच आली.

रिव्हॉल्वर अधल्यामधल्या काळातलं. आधी त्यात दारू, गोळी आणि ठिणगीची टोपी वेगवेगळी भरत. पुढे हे तिन्ही एका धातूच्या काडतुसात आलं, तेव्हा सैन्याने जुनीच हत्यारं कापूनकुपून नव्या काडतुसाजोगी करून घेतली. याचं काडतुसं बसायचं फिरतं चक्र हरवलेलं. आता बसवलेलं लाकडी, शोभेचं. म्हणून काडतुसाचा अंदाज फक्त नळीवरून. बाबांनी कॅलिपरने, मापाच्या चिमट्याने, नळी मोजली आणि त्या मापाचं काडतूस शोधत जन्म घालवला.

तिने मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकून बाहेर काढली आणि मापाच्या कड्यांतून घालून पाहिली. बाबांच्या मापाच्या कड्यात ती शिरेचना. त्याहून मोठ्या कड्यात अलगद बसली.

तिने नळीत दिवा धरला. गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा पाच. विषम असल्या की खाचेसमोर खाच येत नाही, उंचवटा येतो. कॅलिपर कमीच दाखवणार. तिला मोजमाप शिकवणाऱ्या माणसाने खाचाच मोजल्या नव्हत्या!

बाबांनी ‘मोठी’ म्हणून बाजूला टाकलेल्या, दारू काढलेल्या काडतुसांच्या डब्यात हवं ते निघालं. “बाबा, हे बघा!” ती बोलूनही गेली. मग तिला आई आठवली. बाबांबरोबर आई दर रविवारी जुन्या बाजारात जायची. ते गेल्यावरही एकटी जात होती, ते चुकीचं माप पाठ म्हणत. तिला हे सांगायचं कसं?

तरी सांगितलं. आई ऐकत राहिली.

“म्हणजे डब्यातच होतं?”

“हो गं.”

“काखेत कळसा! आणि हा गृहस्थ मला उन्हातान्हात हिंडवत होता!” आई हसत सुटली, इतकी की पदराने डोळे पुसावे लागले. मग काडतूस तळहातावर घेऊन म्हणाली, “हे मीच घ्यायला लावलं होतं. ते म्हणाले, मोठं आहे. मी म्हटलं, असू द्या हो, दिसतंय छान.”

“वाईट वाटलं का गं?”

“त्यांना सिनेमा नको, पाहुणे नकोत. याच्या शोधापायी माणूस माझ्याबरोबर चालायचा तरी. बरोबर मोजलं असतं, तर मी रविवारी घरात भांडी घासत बसले असते.”

आईने काडतूस लेकीच्या हातात दिलं.

“कपाटात लाव,” ती म्हणाली. “बाजारात मात्र कुणाला सांगू नकोस.”

रविवारी लेकीने विचारलं, “मीही येऊ?”

“नको गं बाई, तू खरं माप सांगून बसशील,” आई चपला घालत म्हणाली. रस्त्याच्या कडेने ती निघाली, शेजारी आणखी एकाला चालता येईल एवढी जागा सोडून.