माझ्या दगडावर जळालेला कटर

तेलगावच्या रस्त्याला एक पत्र्याची खोली आहे. तिच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली दोन दगडांचा जड, हिरवा ग्राइंडर पडून आहे. मित्रांनो, तो मी. बटण दाबलं की भन्नाट वेगानं फिरायचं, एवढंच मला येतं. सावकाश फिरणं मला जमत नाही आणि मधेच थांबणं माझ्या हातात नाही. त्यामुळे जे घडलं ते मी नुसतं पाहत राहिलो.

माझं अंग बिडाचं, ओतीव. सत्तावीस वर्षांपूर्वी आश्रुबांनी मला परळीहून आणलं ते एसटीच्या टपावरून. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. त्याआधी आठ दिवस आमच्या दारात कोयत्यांचे ढीग लागत. एका दगडावर पातं घासून पातळ करायचं, दुसऱ्यावर धार चढवायची. ठिणग्या अंगणापर्यंत उडत. "आश्रुबाच्या मशिनीची धार लई टिकती," असं लोक म्हणत आणि मला अभिमान वाटे. संध्याकाळी आश्रुबा आपल्या खांद्यावरच्या टॉवेलनं मला पुसत. तसं मला पुन्हा कुणी पुसलं नाही.

चार वर्षांपूर्वी आश्रुबा गेले. घरात त्यांची बायको चंद्रभागाबाई आणि मुलगी शिवकन्या, दोघीच राहिल्या. शिवकन्या परळीला पितळी पाट्यांवर नावं कोरायचं काम शिकली होती. तिथलं दुकान बंद पडलं, तेव्हा तिथलं जुनं कोरायचं यंत्र तिनं घरी आणून माझ्यासमोर मांडलं. एका बाजूला साच्यातलं मोठं अक्षर गिरवायचं, की दुसऱ्या बाजूला तसंच लहान अक्षर पितळेवर उमटायचं. ते कोरणारा कटर पेन्सिलीच्या शिसाएवढा बारीक. त्याचं टोक बोथट झालं की त्याला धार लावायची, आणि ती लावायला घरात होतो मी.

पहिल्याच दिवशी मला कळलं की हे काम माझं नाही. माझे दगड खरखरीत, माझा वेग कोयत्याचा. शिवकन्या श्वास रोखून कटर टेकवायची. माझं अंग थरथरायचं, टोक तापायचं, निळं पडायचं. निळं पडलेलं पोलाद मऊ होतं. दोन अक्षरं कोरली की ते पुन्हा बोथट व्हायचं. ती कटर पाण्यात बुडवायची, पुन्हा टेकवायची. मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई, मला बंद कर. माझ्या तोंडून निघायची ती फक्त घरघर.

ती परळीच्या एका हत्यारांच्या दुकानात जाऊन आली. तिथं तिनं एक लहान ग्राइंडर पाहिला. हळू फिरणारा, बारीक दगडाचा. त्याला कटर धरायची पकड होती, ती हव्या त्या कोनात फिरवून घट्ट करता येत होती.

"माय, तसा एक घ्यावा लागतोय," ती म्हणाली.

चंद्रभागाबाई माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कावून? तुझ्या बापानं साऱ्या भागाला यावर धार लावून दिली. आन तुझ्या सुईला याची धार चालत न्हाई?"

"कोयता येगळा, कटर येगळा, माय."

"तुझा हात बसंना म्हन की. हे हाय तवर दुसरं मशीन घरात येनार न्हाई."

आईच्या डोळ्यांत पाणी होतं, ते पाहून शिवकन्येनं कटर उचलून पुन्हा मला टेकवला. माझ्यावर एवढी माया होती, मित्रांनो, आणि मी त्या मायेला नालायक होतो.

पुढच्या दिवाळीआधी शेजारच्या वस्तीवरचे मुंजाजी आले. आदल्या हंगामात उसाची ट्रॉली उलटून त्या वस्तीवरच्या पाच बाया गेल्या होत्या. त्यांच्या नावांची पाटी पारावर लावायची होती. पाचवं नाव मुंजाजींच्या लेकीचं, वर्षाराणी.

"टोळी निघायच्या आत दे, बाई," मुंजाजी म्हणाले. "नाव डोळ्यांनी बघून जातो."

चार नावं झाली. प्रत्येक नावापायी एक-दोन कटर माझ्यावर जळाले. टोळी निघायच्या दिवशी सकाळी एकच कटर उरला. शिवकन्येनं 'वर्षा' कोरलं आणि कटर बोथट झाला. तिनं तो माझ्या दगडाला टेकवला, अगदी अलगद. मी थरथरलो. बारीकशी ठिणगी उडाली आणि टोक तुटून खाली पडलं.

परळीहून नवा कटर आणायला आता वेळ नव्हता. दुपारी मुंजाजी आले. ट्रक सडकेवर उभा होता. ते डोक्याचा रुमाल काढून पाटीवर वाकले. अक्षरओळख जेमतेम, म्हणून त्यांनी बोटानं एकेक अक्षर चाचपलं. बोट 'वर्षा'पुढच्या कोऱ्या पितळेवर थांबलं.

"हितं काय हाय?"

"राणी राहिलंय, काका," शिवकन्या म्हणाली.

"घरी आमी तिला रानीच म्हनायचो," ते म्हणाले. रागावले नाहीत. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता. त्यांनी रुमाल बांधला आणि गेले.

चंद्रभागाबाई दारात उभ्या होत्या. आत येऊन त्यांनी त्या अर्ध्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "शिवे, तुझा हात चांगला हाय. मीच आडवी आले. उद्या परळीला जा."

नवा ग्राइंडर आला. त्याचा आवाज इतका कमी, की कटर दगडाला लागल्याची सळसळ ऐकू येते. पकड चोवीस अंशांवर घट्ट करून शिवकन्येनं टोक तुटलेला तोच कटर हळूच फिरवला. ठिणगी उडाली नाही. टोक निळं न पडता लखलखीत राहिलं. त्याच कटरनं तिनं उरलेलं नाव कोरलं, आणि फोटो काढून उसाच्या फडावरच्या मुंजाजींना पाठवला.

लगेच फोन आला. "बाई, हितं उन्हात दिसंना. वाचून दाखव."

तिनं पाचही नावं वाचली. मग मुंजाजी म्हणाले, "पुन्यांदा वाच. शेवटचं."

वस्तीवर पाटी लागली तेव्हा मुंजाजी तिथं नव्हते. टोळी अजून फडावरच होती.

त्याच आठवड्यात माझी तार काढली गेली. चंद्रभागाबाई कधी तरी गोणपाट सारखं करतात, पण माझ्यावर हात ठेवत नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, राग मात्र येत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात असं जुनं कुणी असेल. त्याला पुसा, तेल द्या, त्याचं काम त्याला करू द्या. पण मायेपोटी त्याला न झेपणारं काम त्याच्या गळ्यात घालू नका. त्याला जमत नसेल, तर ते तुम्हीच ओळखा. आम्हाला सांगता येत नाही.