वरून काढलेला नकाशा

त्या घरात जेवणाच्या टेबलावर गेली दोन वर्षे कोणी जेवले नव्हते. टेबलावर कथिल वितळवून तारा जोडायचे सोल्डरिंग आयर्न, रेझिस्टरच्या नऊ डब्या, एक मल्टिमीटर आणि पोट उघडे टाकलेले तीन रेडिओ होते. घरातली माणसे सोफ्यावर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवत.

हा सगळा पसारा घरमालकाचा. तो एकतीस वर्षे इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेला आरेखक होता. निवृत्तीनंतर त्याला ट्रान्झिस्टरचा नाद लागला. दोन वर्षांत त्याने अंधार पडल्यावर लागणारा दिवा केला, तो दिवसाही लागे. टाळी वाजवल्यावर चालू होणारा पंखा केला, तो कुकरच्या शिट्टीलाही चालू होई.

मग एका सकाळी गच्चीवरची टाकी वाहिली आणि तळमजल्यावरच्या शिंप्याने वाळत घातलेले कापड भिजले. शिंप्याने वर येऊन जे काही सुनावले, ते आरेखकाच्या बायकोने एकटीने ऐकून घेतले. नवरा तेव्हा रेडिओच्या पोटात होता.

"रविवारपर्यंत टाकीचा अलार्म करा," ती म्हणाली. "टाकी भरल्यावर वाजला, तर टेबल तुमचं, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही वाजला, तर टेबल माझं."

"अगं, त्यात काय! एक ट्रान्झिस्टर, एक बझर, चार सेल. पाणी दोन तारांना लागलं की वाजलंच म्हणून समज."

आणि बुधवारी तो खरोखर वाजला. सर्किट त्याने आधी ब्रेडबोर्डावर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या पांढऱ्या पट्टीवर जोडले होते. त्या सर्किटच्या दोन तारा त्याने पेल्यातल्या पाण्यात बुडवल्या, तर बझर असा किंचाळला की शेजारच्या बाईंनी दार ठोठावून कोणाला काही लागले का, असे विचारले. तिथेच थांबायचे होते. पण चाललेले सर्किट तसेच राहू देणारा छंदिष्ट अजून जन्माला यायचा आहे. गुरुवारी त्याने सगळे उपटले आणि कायमच्या बोर्डावर सोल्डर करायला घेतले. आधी रीतसर नकाशा काढला आणि कोपऱ्यात सुबक अक्षरांत लिहिले : 'वरून दिसणारा देखावा'. मग बोर्ड उपडा केला, नकाशा शेजारी ठेवला आणि एकेक तार नकाशाबरहुकूम जोडली.

रविवारी बायकोचा भाऊ साक्षीदार म्हणून आला. तो कोर्टात कारकून होता आणि शब्दाला चिकटून राहणे हा त्याचा पेशा होता. त्याला टेबलापाशी बझरजवळ बसवून, दोन लांब तारा टाकीत सोडायला आरेखक गच्चीवर गेला. सव्वानऊला पंप सुरू झाला. नऊ पंचावन्नला वरून आरोळी आली, "पाणी तारांना लागलं! वाजतंय का?"

मेहुण्याने बझरला कान लावला. त्याच क्षणी स्वयंपाकघरात बायकोने हात पुसला आणि पंप बंद केला. पाइपातला आवाज बारीक झाला की टाकी भरली, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते. पंप तिच्या हाती असताना टाकी कधीच वाहिली नव्हती.

आरेखक धापा टाकत खाली आला. "वाजला?"

"वाजला," मेहुणा म्हणाला. "कानाशी डास आल्यासारखा. पण वाजला."

"ह्याला वाजणं म्हणतात?" बायको म्हणाली.

"ताई, किती मोठ्यानं वाजायला हवा, हे तू सांगितलं नव्हतंस."

बायको म्हणाली, "बरं. शब्द दिला तो दिला. टेबल तुमचं."

ह्यावर कोणीही शहाणा माणूस चहा मागून मोकळा झाला असता. आरेखकाने भिंग मागितले. "बुधवारी केवढ्यानं ओरडला होता! मग आज असं का?" असे पुटपुटत त्याने बोर्ड उलटापालटा केला. पाऊण तासाने तो एवढ्या आनंदाने ओरडला की शेजारच्या बाई पुन्हा दारात आल्या.

"सापडलं! नकाशा वरून काढलेला, आणि सोल्डर केलं खालून! खालून बघताना डावं-उजवं बदलतं. ट्रान्झिस्टरच्या दोन पायांची अदलाबदल झालीय. अगं, हा अलार्म चाललाच नाही!"

"भाऊजी, गप्प बसा," मेहुणा हळूच म्हणाला.

"अरे, गप्प काय! पहिल्या तारेपासून चूक आहे!"

"पुन्हा म्हणा," बायको म्हणाली.

"चाललाच नाही! कुणालाही दाखव, हेच सांगेल."

बायकोने भावाकडे पाहिले. भावाने मान खाली घातली. कबुलीजबाबापुढे त्याच्याही पेशाचा इलाज नव्हता.

साडेबाराला टेबल रिकामे झाले. त्यावर सोल्डरिंग आयर्नचे सात काळे डाग निघाले. बायकोने ते मोजले आणि वर चादर घातली. दोन वर्षांनी तिघे टेबलावर जेवायला बसले. आरेखक भिंतीकडे बघत घास चावत होता. तिसऱ्या पोळीला बायको सहज म्हणाली, "पण काय हो, उलटा बसला होता, तर मग वाजला तरी कसा?"

आरेखकाने घास ताटात परत ठेवला.

"उलटा बसवला तरी तो थोडा चालतो," तो म्हणाला. "पण किती? थांब, आकडा काढूनच दाखवतो."

त्याने आपले ताट कोपराने सरकवले, मग भाजीचे पातेले, मग बायकोचे ताट. चादर बाजूला केली आणि पेन्सिल मागितली. बायकोने ती आणून दिली आणि बघायला खुर्ची जवळ ओढली.

मेहुणा आपले ताट उचलून सोफ्यावर गेला आणि ते मांडीवर ठेवून जेवू लागला.