सुरेखाचं पोट

सुरेखाचा मुतखडा दुर्बिणीने काढला आणि पंधरवड्यात तिचं पोट वर आलं. त्यात उलट्या. वेरूळच्या घरात सासू चंपाबाईने लगेच निकाल लावला, "दिवस गेलेत!" लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात मूल नव्हतं; सुनेने नुसती ढेकर दिली असती तरी या बाईला पाळणाच दिसला असता.

सुरेखाला खरं माहीत होतं. ऑपरेशननंतर तिला पाळी येऊन गेली होती, ती तिने लपवली. कारण चंपाबाई पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने तिला शिरा भरवत होती आणि नवरा, सोमनाथ, पहिल्यांदाच उशाशी बसत होता. एवढं सुख तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ते मोडायला तिची जीभ रेटेना.

डॉक्टरांनी शहरात जाऊन स्कॅन करायला सांगितलं. औषधाची सुई द्यायची आणि लघवी कुठून कुठं जाते ते यंत्रावर बघायचं.

"किरणांची सुई? गर्भ करपून जाईल! नाय म्हंजे नाय," चंपाबाई आडवी आली.

सुरेखा तापात बरळायला लागली, तेव्हा कुठं सोमनाथने तिला गाडीत घातलं. आई मागोमाग बसलीच.

स्कॅन सेंटरमध्ये यंत्र चालवणाऱ्या तनुजाने सुरेखाला एकटीलाच आत घेतलं आणि प्रत्येक बाईला विचारतात तेच विचारलं, "दिवस गेलेत का?"

"नाय. पण ताई, बाहेर नका सांगू."

रक्ताच्या तपासणीतही तेच आलं. मग स्कॅन झाला. औषध मूत्रपिंडातून निघालं आणि अर्ध्या वाटेतच बाहेर फुटून पोटभर पसरलं. खडा काढताना लघवीच्या नळीला भोक पडलं होतं.

सेंटरच्या डॉक्टरांनी दार उघडून सगळ्या रांगेसमोर सांगितलं, "मूलबीळ काही नाही. पोटात लघवी साठलीय. आज नळी टाकली नाही तर बाई जाईल."

"म्हंजे मी मुताला शिरा भरवला व्हय रं, सोमनाथ?"

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. मग सोमनाथही हसला. सुरेखाला ते आत ऐकू आलं आणि आपण जगलोच नाही तर बरं, असं तिला वाटलं.

जगली मात्र. नळी टाकली, पोट उतरलं, ताप उतरला. शुद्धीवर येताच तिने नर्सला विचारलं, "घरचे कुठंयत?"

"मघाशीच गेले," नर्स म्हणाली. "तुमच्या माहेरचा नंबर देऊन गेलेत."